कंसातले दोन शब्द

"कुणाला पटणार नाही, पण जगातल्या सगळ्या देशांचा करार मी एका वाक्यात फिरवला," असं मी म्हटलं, तशी दवाखान्याच्या बाकावरची मंडळी सरकून जवळ आली. डॉक्टरांचा अजून पत्ता नव्हता. बाकाच्या टोकाला ताई बसली होती, माझी थोरली बहीण. झोपेच्या गोळ्या संपल्या म्हणून आलेली.

शेजारचा प्लंबर सुजलेला गुडघा चोळत म्हणाला, "काका, मागच्या खेपेला तुम्ही मगरीला दम दिला होतात."

"ती लहान होती. हे ऐक."

आमच्या समोर एक दार होतं, कुलूप लावलेलं. वर पाटी: समुपदेशन कक्ष. पूर ओसरल्यावर कुणीतरी मोठ्या आशेनं ठोकलेली. आत पंप आणि ताडपत्र्या कोंबल्या होत्या, कारण बाहेरून मदत आली ती पंपांची, ताडपत्र्यांची आणि सिमेंटची. माणसांच्या डोक्यात शिरलेलं पाणी कुणी उपसायचं, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. ताईनं अर्ध्या शहराला पोहायला शिकवलंय. आता ती ओल्या फडक्यानं अंग पुसते. नळ ठिबकला तरी गाद्या टेबलावर रचते आणि त्यांच्यावर जागी बसून राहते. नातेवाईक येतात, चहा पितात आणि विचारतात, "घर परत बांधून मिळालं ना? मग आता काय होतंय हिला?" असं विचारणाऱ्या प्रत्येकाला त्या गाद्यांवर चढवून खालची शिडी काढून घ्यावी, असं मला फार वाटतं.

तर मी दुभाषी. हवामान परिषदेत माझी नेमणूक झाली. निघताना ताई म्हणाली, "तिथं माझ्यासारख्यांबद्दल बोल."

"अगं, मी बोलत नसतो. दुसऱ्याचं बोलणं पोचवतो."

"मग पोचव की."

तिथं पोचलो. चर्चा पृथ्वी तापल्याची, आणि सभागृह इतकं गार की माझा चहा कपात गोठला. मी तो चावून खाल्ला.

"साखरेसकट?" बाकावरच्या शिक्षिका बाईंनी विचारलं.

"साखर तळाशी होती. तिथवर पोचेपर्यंत दात दुखायला लागले."

आता नीट ऐका. करारातले जे शब्द सगळ्यांना मान्य नसतात, ते तिथं चौकोनी कंसात ठेवतात. एकमत झालं की कंस जातो आणि शब्द राहतात. नाही झालं, तर शब्दच जातात. आपत्तीनंतरच्या मदतनिधीच्या कलमात दोन शब्द कंसात अडकले होते: मानसिक आरोग्य. एका छोट्या बेटाची प्रतिनिधी त्यांच्यासाठी भांडत होती. "भिंत बांधून समुद्र अडवाल," ती म्हणाली, "पण भिंतीमागे ज्यांचा डोळा लागत नाही, त्यांचं काय?"

तिला उत्तर द्यायला एका बड्या देशाचा गृहस्थ उठला. म्हणाला, मन मोजता येत नाही, आणि जे मोजता येत नाही त्याला निधी देता येत नाही. याच माणसानं सकाळी हॉटेलात आरडाओरडा केला होता, गादी टणक आहे, झोप लागत नाही म्हणून. हॉटेलनं निमूट गादी बदलून दिली. त्याची झोप बरोबर मोजता आली.

आमच्या धंद्याचा एक नियम आहे. "ते म्हणतात" असं दुभाष्यानं म्हणायचं नाही. "मी" म्हणायचं. त्यात त्या गृहस्थाची भाषा फक्त आमच्या काचेच्या खोलीत कळत होती. बाकीच्या भाषांचे दुभाषी माझं ऐकून पुढे पोचवायचे. म्हणजे सगळ्या जगाच्या कानाला माझंच तोंड. वर हे थेट प्रसारित व्हायचं, कुणीही घरबसल्या फोनवर आपल्या भाषेत ऐकावं. ऐकतंय कोण म्हणा.

गृहस्थ म्हणाला, हे दोन शब्द काढून टाकावेत अशी मी सूचना करतो. म्हणाला आणि खाली बघून मोबाइल चाळायला लागला.

आता ते "मी" माझ्या तोंडात आलं. माझ्या बहिणीला मीच खोडायचं, तेही मऊ, सभ्य आवाजात, शब्द न गाळता. माझी कानशिलं तापली. शेजारची दुभाषी बाई माझ्या हाताकडे बघायला लागली. माइकची दांडी मी वाकवली होती.

"मग?" प्लंबर गुडघा विसरला होता.

"मग मी म्हणालो, 'हा कंस काढून टाकावा आणि शब्द ठेवावेत, अशी मी सूचना करतो. आणि माझी नवी गादी परत घेऊन जा, मला जागंच राहू दे.'"

"बाप रे."

"अरे, टाळ्यांनी आमच्या खोलीची काच तडकली. अध्यक्षांनी हातोडा असा आपटला की दांडा एका मंत्र्याच्या मांडीवर जाऊन पडला. बेटाची बाई टेबलावर चढली. गृहस्थाला वाटलं, आपण काहीतरी थोर बोललो. तो उठून सगळ्यांना वाकून नमस्कार करायला लागला."

"आणि शब्द राहिले?" शिक्षिका बाईंनी विचारलं.

"राहिले म्हणजे काय. आजही आहेत."

प्लंबरनं समोरच्या कुलपाकडे पाहिलं. "मग इथं पंप कसे, काका?"

"निघाला असेल तो समुपदेशक. लांबून यायचं असतं."

कुणीतरी हसलं. ताई हसली नाही. ती गोळ्यांची रिकामी पट्टी दुमडत होती.

"तू 'काढा' म्हणालास," ती म्हणाली.

"ताई, अगं..."

"त्या दिवशी गाद्यांवर बसून मी फोनवर तुझी ती परिषद लावली होती. म्हटलं, तुझा आवाज तरी ऐकू येईल. 'हे दोन शब्द काढून टाकावेत, अशी मी सूचना करतो.' इतकं स्वच्छ बोललास. कुठे अडखळलासुद्धा नाहीस."