हिरवा रंग

हर्षालीने टॅबवरचा नकाशा कोंडाबाईपुढे धरला आणि तिच्या भातखाचराखालच्या सात घरांवर बोट ठेवलं. हिरवा रंग, म्हणजे दरड कोसळायची भीती नाही. लाल रंगातल्या घरांना तेवढं पावसाआधी हलवणार होते. मढ गावाच्या वरच्या वाड्यांत महिनाभर हिंडून हर्षालीने उतार मोजले होते, माती तपासली होती. उद्या नकाशा तालुक्याला जायचा होता.

"निर्धास्त राहा, आजी."

कोंडाबाईने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं.

"पोरी, त्यो हिरवा पुसून टाक."

एवढा घाम गाळल्यावर असं ऐकलं की नाकाला मिरच्या झोंबायच्याच.

"मी माती तपासलीय, आजी. चांगली आहे."

"असंलच की. आमीच आणून टाकल्याली. हितं वढा व्हता. पडकईला, म्हंजी येकमेकांच्या रानात राबाया, समदी वाडी आली, दगडं रचली, वढा बुजवला न् खाचर केलं. चाळीस वर्सं झाली. तवाची माणसं गेली, म्या एकलीच ऱ्हायले. पाऊस लई झाला की आजूनबी आतनं पानी वाजतं."

"कुणाला बोलला नाहीत?"

"बोलले तर बांध फोडाया लागंल. असलं भात वाडीत कुनाचं न्हाई."

हर्षाली उठून बांधाखाली गेली. भर मे महिन्यात दगडांच्या फटीत हिरवंगार गवत होतं. हात लावला तर ओल. महिनाभरात ती इथून दहादा गेली असेल. दर वेळी वरचा डोंगर बघत. ती तिथेच खाली बसली. सात घरं, आणि त्या हिरव्याखाली तिची सही गेली असती. या म्हातारीचे पाय धरावेत, असं तिला मनापासून वाटलं.

तिने तिथेच बसून घरं लाल केली. वर येऊन खरोखरच वाकून नमस्कार केला.

"आजी, बांध फोडून पाण्याला वाट द्यावी लागणार."

"ठावं हाय." कोंडाबाई घरात गेली आणि फडक्यात बांधलेलं भात घेऊन आली. "घे. आमच्यापायी उन्हातान्हात हिंडलीस."

"अहो, कशाला?"

"ह्याच खाचराचं हाय. बियान्याला ठिवलं व्हतं." तिने गाठ आणखी आवळली. "आता भरडून खा."