चौथे गाणे

प्राध्यापकांनी बोट उचलून गाणे थांबवायला लावले आणि सभागृहाकडे असे पाहिले, जणू तो स्वर त्यांनीच जन्माला घातला होता.

"ऐकलंत? इथे आवाज किंचित फाटतो. फाटतो म्हणू नका, बाईंनी तो फाडलाय. त्याला चौऱ्याहत्तर वर्षांचं आयुष्य लागतं."

रसिक मंडळाच्या माना डोलल्या. बाईंचा नवा अल्बम येऊन महिना झाला होता. त्यातल्या सात गाण्यांविषयी मंडळाने प्रेमापोटी मौन पाळले होते; समीक्षकांना तेवढे प्रेम नव्हते. चौथ्या गाण्याने मात्र सगळे भरून काढले. बाईंचा आवाज परत आला, असा निर्वाळा मंडळाने दिला, आणि मंडळाचा निर्वाळा निसर्गनियमांच्या बोटभर वरच असतो.

व्यासपीठाच्या कडेला बाईंची भाची बसली होती. मंडळ तिला 'छोटी' म्हणे. छोटीने चाळिशी केव्हाच ओलांडली होती. फाटलेला तो स्वर तिचा होता. त्या दिवशी तिला सर्दी झाली होती.

घडले ते अगदी साधे. वादकांना अंदाज यावा म्हणून प्रत्येक गाणे आधी भाची गाऊन ठेवी. त्यावर वाद्ये बसवली जात, मग तिचा आवाज काढून तिथे बाईंचा घातला जाई. चौथ्या गाण्यात ध्वनिमुद्रकाने काढायचे ते ठेवले आणि ठेवायचे ते काढले. दोघींचा गळा एकाच घरातला. कुणाला शंका आली नाही. बाईंच्या लक्षात आले तोवर गाणे घरोघर पोचले होते. कंपनीतला माणूस भाचीपाशी फोनवर फार कळवळला.

"चूक आमचीच, ताई. पण लोकांनी डोक्यावर घेतलंय. आता हात लावला तर बाईंनाच लबाड म्हणतील. चालेल तुम्हाला?"

चालणार नाही, हे त्याला पक्के ठाऊक होते.

भाचीचे मागणे एवढेच होते, की त्या एका गाण्याखाली आपले नाव यावे. उभा जन्म ती मावशीच्या मागे बसून गायली होती. तिचे नाव कधी कुठे छापून आले नव्हते. येताना गाडीत बाई म्हणाल्या होत्या, "आज मीच सांगते. कंपनी गेली खड्ड्यात. मंडळ काय, आपलं घरचंच आहे."

आता त्या बोलायला उभ्या राहिल्या. टाळ्या ओसरेपर्यंत त्यांनी माइक दोन्ही हातांनी धरून ठेवला.

"चौथं गाणं मी गायलेलं नाही. ते हिनं गायलंय."

पहिल्या रांगेतल्या दंतवैद्यांनी चष्मा काढून डोळे पुसले.

"धन्य आहात, बाई!"

"अहो, खरंच सांगतेय. आवाज हिचा आहे."

"गुरूनं आपलं सर्वस्व शिष्येच्या पदरात टाकावं," प्राध्यापक भारावून म्हणाले, "आणि तेही असं, सहज! हा विनय आता पाहायला मिळत नाही."

"विनय कसला डोंबलाचा! चूक झालीय. फाइल चुकली!"

सभागृह खळखळून हसले. बाईंचा विनोद पहिल्यापासून तिरकस, हे जुन्या सभासदांनी नव्यांना समजावले.

बाई भाचीकडे वळल्या. "छोटे, तूच गा बाई. गाऊन दाखव यांना."

त्यांच्या तोंडून अशी विनवणी भाचीने कधी ऐकली नव्हती. ती उठली. साथीला काही नव्हते. डोळे मिटून तिने पूर्ण गाणे गायले, एकही जागा न गाळता, आणि संपल्यावर हात कुठे ठेवावेत हे तिला कळेना.

टाळ्या पडल्या, शाळेतल्या मुलांसाठी पडतात तशा, मायेच्या.

"नक्कल मात्र हुबेहूब हं!" दंतवैद्य म्हणाले.

"गळा गोडच आहे," प्राध्यापकांनी न्याय केला. "पण खोली? ती मागून मिळत नसते."

मागच्या रांगेतल्या एक आजी मुद्दाम पुढे आल्या. त्यांनी भाचीचा हात हातात घेतला.

"नाउमेद होऊ नकोस गं. बाईंचं ते गाणं रोज ऐकत जा. हळूहळू येईल."

"हो, आजी," भाची म्हणाली.

तोवर बाईंभोवती गर्दी जमली होती. कुणीतरी अल्बमचे वेष्टन त्यांच्यापुढे धरले.

"सही हवीय, बाई. इथे, चौथ्या गाण्याशेजारी."

बाईंनी पेन हातात घेतले, पण टेकवले नाही. माणसांच्या खांद्यांमधून त्या भाचीला शोधत राहिल्या. मागचे लोक पुढे रेटू लागले. वेष्टन धरणारा हात अवघडून हलायला लागला.

भाची वाट काढत जवळ आली. वेष्टन पातळ होते, सही करताना वाकले असते. तिने आपला तळवा त्याच्या खाली सपाट धरला.

"करा, मावशी," ती म्हणाली. "लोक खोळंबलेत."