भिंतीत काय घातलंय

त्या दुष्काळाच्या साली आमच्या आतल्या खोलीची भिंत बसली. पाऊस न्हाई, पानी न्हाई, अन् भिंत बसली! उंदरांनी पोखरून पोखरून तिचं पोटच रिकामं केलं हुतं. मी त्या उंदरांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, पन भिंत काय उठून उभी ऱ्हायली न्हाई.

राग याचा, की त्याच खोलीत माझ्या पुष्पीचं बाळंतपन व्हायचं हुतं. पहिलटकरीन पोर, शेवगावाकडं दिलेली. ‘आई, मला लवकर घिऊन जा,’ म्हनून तिनं निरोप धाडला हुता. पन तिच्या सासूचा, चांगुनाबाईचा, निरोप निराळा. ‘मी आधी घर बघून जाते. धड आसलं तर धाडीन, न्हाईतर बाळंतपन हितंच करू.’

मातीची काळजी नव्हती. पडल्या भिंतीचीच माती फोडून चाळून घितली. पानी म्हंजे भांड्याचं अन् अंघोळीचं सांडपानी, रोज रांजनात साठवलेलं. गाडी अडली ती काडाशी. मातीत गव्हाचं काड मुरवल्याबिगर भिंत धरत न्हाई, वाळली की तडकते. अन् काड हुतं एकच पोतं, आमच्या बैलाच्या वाटनीचं.

मालक म्हनले, “लंके, घाल भिंतीत. पोरगी आपली हाय.”

“अन् बैलानं काय माती खायाची?” मी म्हनलं. “बघते मी काय करायचं ते.”

माझी आजी मातीत घोड्याची लीद घालायची. घोडा खातो, पन नीट पचवत न्हाई. बारीक झालेलं काड लिदीत तसंच ऱ्हातं, अन् मातीला आवळून धरतं. भिंगारला टांगे उभे ऱ्हायचे, आमच्या गावापासून दोन कोसांवर. पन बारा एकरांच्या घरची बाई रस्त्यावर लीद गोळा करनार म्हनल्यावर मालकांचं तोंड एवढंसं झालं.

“कुनाला सांगू नको बाई,” म्हनले.

मी पाटी घितली अन् तोंडावर पदर वढून गेले. एक टांगेवाला हसला. “काय मावशी, घोडा पाळला का?”

“व्हय तर! अन् तुलाच उलटा बसवनार हाय त्याच्यावर!”

तो लाजला मेला. पन दुसऱ्या दिशीपासनं माझ्यासाठी लीद बाजूला काढून ठिवायला लागला.

नऊ खेपा झाल्या. माती, लीद अन् पानी आठ दिस मुरवलं, रोज पायांनी तुडवलं. वास आसा सुटायचा की शेजारीन नाक धरून जायची. मग हातभर थर घालायचा, वाळू द्यायचा, त्याच्यावर दुसरा. मालक दुष्काळी कामावर खडी फोडून दमून आले तरी थर ठोकायला बसायचे. शेवटी मी हातानं सारवून घितलं. एक तडा न्हाई! माझंच मला लई कवतिक वाटलं.

चांगुनाबाई आली ती चहा बी न घेता आतल्या खोलीत शिरली. भिंतीला नखानं खरवडून बघितलं. नख चाललं न्हाई.

“चांगली धरलीय,” ती म्हनली. “काय घातलंय हिच्यात?”

मालकांनी माझ्याकडं बघितलं. आता ईहिनीपुढं लीद कशी सांगू? जिभंवर आलं ते मी बोलले, “गव्हाचं काड, ईहिनबाई. पोतंभर घातलं. पोरीसाठी काय हात आखडायचा?”

तिनं भिंतीवरचा हात काढून घितला.

“पोतंभर काड. यंदाच्या साली?” ती गर्रकन वळली. “आमची जोडी चाऱ्यावाचून दावनीला मेली, लंकाबाई. रिकामी पाटी घिऊन मी त्यांच्यापुढं बसले हुते. अन् तुमी काड चिखलात तुडवलं? जनावराची दया न्हाई त्या घरात माझी सून बाळंत व्हायची न्हाई.”

तिनं पिशवी उचलली.  अन् मला राग आला, माझाच मला. कसल्या मोठेपनापायी पोर घालवायला निघाले हुते मी!

“थांबा! काड न्हाई, लीद हाय ती. भिंगारच्या टांग्याच्या घोड्यांची. मी डोक्यावर वाहून आनली. लाज वाटली म्हनून खोटं बोलले. काडाचं पोतं गोठ्यात हाय, जाऊन बघा.”

ती तडक गोठ्यात गेली. किती तरी वेळ झाला, बाहेर येईना. मी दारातून वाकून बघितलं, तर ती बैलाच्या गळ्यात हात टाकून उभी, अन् मूठ मूठ काड त्याच्या तोंडाशी धरत हुती.

मला बघून तिनं पदरानं डोळं पुसलं.

“लाज कसली वाटली गं तुला?” ती म्हनली. पहिल्यांदाच मला अगंतुगं केलं तिनं. “सोमवारी पुष्पीला घिऊन येते. अन् मी बी चार दिस ऱ्हाईन म्हनते. तेवढं ह्याला चारायचं काम माझ्याकडं दे.”

 मी काडाचं पोतं तिच्याकडं सरकवलं.