कोवळे कोंब

घरामागच्या भिंतीशी ऊन कधी फिरकतच नसे, म्हणून सुनेने तिथे सावलीत वाढणारे शोभेचे होस्टा लावले होते. मोठ्या पानांचे, कुणाच्या कडा पांढऱ्या, कुणावर दुधी पट्टे. चष्म्याच्या दुकानातून दमून आली की ती आधी तिकडे डोकवायची.

त्या दुपारी ती जेवायला घरी आली, तर सासरे ताट चाटूनपुसून बसले होते.

"तुझ्या झाडांचे कोंब तेलावर परतले गं," सासूबाई कौतुकाने म्हणाल्या. "फोनवर पाहिलं, खातात म्हणे. तुला चकित करायचं होतं."

होस्टाचे कोंब खातात, हे खरंच होतं. पण वाफ्याच्या कडेला, फुलांसाठी लावलेल्या विषारी लिलीचेही कोंब वर आले होते. दिसायला तसेच, गुंडाळलेले.

"आई, पांढऱ्या रेघेचेच काढले ना?"

"काहींवर रेघ होती, काहींवर नव्हती. का गं?"

सून अनवाणीच मागे धावली. लिलीच्या बाजूचे तीन कोंब बुडाशी कापलेले होते. परत येऊन कढईत पाहिलं, तर शिजून सगळं एकजात हिरवं.

"तुम्ही खाल्लं?"

"मी मागून जेवते ना," सासूबाई पुटपुटल्या.

इस्पितळाकडे निघालेल्या गाडीत सासरे म्हणाले, "चाळीस वर्षं हिच्या हातचं पचवलंय. एवढ्याने काय होतंय मला?" आणि पुढच्याच वळणावर त्यांना भडभडून उलटी झाली.

इस्पितळात छातीला तारा लावल्या. पडद्यावरचा ठोका मध्येच चुकायचा, आणि पुढचा येईपर्यंत दोघी पडद्यावरून नजर काढायच्या नाहीत. "हृदयावर परिणाम झालाय. औषध सुरू केलंय, बघू," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. सासूबाईंनी सुनेचा दंड इतका घट्ट धरला की नखं रुतली.

"मी मारलं का गं यांना?"

सुनेला 'नाही' म्हणायचं होतं. तिने नुसताच त्यांचा हात आपल्या हातात घेतला.

दुसऱ्या दिवशी ठोके सुधारले. आणखी दोन दिवसांनी सासरे घरी आले आणि चहा पाणचट झाला म्हणून कुरकुरलेही. सुनेने तोवर लिली मुळासकट उपटून टाकली होती.

पण सासूबाई बदलल्या. बाजारातून आणलेली पालेभाजीसुद्धा त्या आता सुनेपुढे धरतात. "हे खायचंच आहे ना गं?"

सून पान उलटसुलट करून बघते. "हो, आई." मग हळूच परत एकदा बघते.