आगकाढे महाराजांचा जिना

शिंपीणबाईंनी ढेकर दिली आणि खोलीत टाळ्या पडल्या.

साधीसुधी ढेकर नव्हे. पोटाच्या तळातून निघालेली, लांबलचक, समोरच्या भिंतीवर आपटून परत येईल अशी. आगकाढे महाराजांनी दोन्ही हात वर केले. "गेली! छातीतली आग तोंडावाटे गेली! पाहिलीत ना सगळ्यांनी?"

आता ढेकर काय कुणी पाहतं? पण सगळ्यांनी माना डोलावल्या. शिंपीणबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "किती दिवस नुसती जळजळ हो! जेवून आडवं झालं की घशाशी आंबट यायचं. आता बघा, कशी मोकळी झाले!"

भिंतीला टेकून उभ्या असलेल्या डॉक्टरिणीला कपाळ बडवून घ्यावंसं वाटलं. महाराजांनी पेल्यात टाकलेली पांढरी भुकटी फसफसताना तिने पाहिली होती. तसली भुकटी कुठल्याही बेकरीत पोत्याने पडलेली असते. खाण्याचा सोडा, दुसरं काय! शिंपीणबाईंना पित्त झालेलं. सोड्याने पोटात वायू तयार होतो, वायूची ढेकर येते, ढेकरीने घटकाभर बरं वाटतं आणि उद्या पुन्हा जळजळ. पण हे बोलायला तिने तोंड उघडलं असतं तर खोलीने तिला कच्चं खाल्लं असतं.

कापडाच्या जुन्या गोदामाचा हा सगळ्यात वरचा मजला. खाली गल्ली रंगाऱ्यांची. गल्लीत कुठलंही दार उघडा, आत शिडी, बादल्या आणि चुन्याने पांढरे झालेले सदरे. डॉक्टरीण याच गल्लीतली. बाप गेल्यावर थोरल्या भावाने शिडीवर चढून-चढून तिला शिकवलं होतं, आणि शिकून तिने दवाखाना थाटला तो गल्लीच्या तोंडाशीच. त्या दवाखान्यात कोणी नसायचं. गर्दी होती ती इथे.

आणि इथे येणाऱ्यांत आघाडीवर कोण? तिचाच दादा!

काही आठवड्यांपासून दादाला भरलेली बादली घेऊन शिडी चढताना छातीवर कोणी बसल्यासारखं व्हायचं. खाली उतरून टेकलं की थांबायचं. तिने दवाखान्यातल्या मशीनवर त्याच्या हृदयाचा कागद, म्हणजे ईसीजी, काढला. तो चांगला आला. तिने बजावून सांगितलं, "दादा, हा कागद तू निवांत पडलेला असतानाचा आहे. तुझं हृदय कामाला लागलं की तक्रार करतंय. मोठ्या हॉस्पिटलात जा, सरकत्या पट्ट्यावर चालवून तपासतात, ते करून घे."

दादाने त्यातलं 'चांगला आला' एवढंच ऐकलं. "तुझ्या मशीनला काही दिसत नाही, ठमे. महाराजांना दिसतं. तीनदा गेलो, तिन्ही वेळा दुखणं पळालं."

"पळालं तर परत कशाला येतं?"

"आग जुनी आहे म्हणे."

घ्या! काय बोलणार यावर? वहिनी तर हात जोडूनच बसलेली. "वन्सं, एकदा डोळ्यांनी बघा आणि मग बोला." शेवटी ठरलं की आज डॉक्टरिणीने येऊन बघायचं, आणि उद्या सकाळी दादाने निमूट हॉस्पिटलात यायचं. दादाने खालीच थांबायचं, जिना चढायचा नाही, असंही तिने त्याच्याकडून कबूल करून घेतलं होतं.

जिन्याच्या पायथ्याशी एक पाटी होती: 'न थांबता चढा. थांबाल तर आग दडून बसेल.' अक्षर वळणदार, झोकदार. पाटी दादानेच रंगवून दिली होती, सेवा म्हणून.

वर येताना डॉक्टरिणीला त्या जिन्याचा राग आला होता. उभाच्या उभा, अरुंद, मध्ये टेकायला जागा नाही. छातीत दुखणाऱ्या माणसाला असल्या जिन्यावरून न थांबता चढवायचं? कोणत्या गाढवाने सांगितलं? पण गाढव नव्हतं ते. चांगलं बेरकी होतं.

"पुढचा!" महाराज गरजले.

पुढचा लांबू, दादाचा शिडीवरचा जोडीदार. हात वर केला की बरगडीत कळ यायची आणि बोटाने दाबलं की आणखी. छत रंगवणाऱ्याचा खांदा आणि बरगडीचा स्नायू भरून येणार नाही तर काय होणार? महाराजांनी तेल लावून रगडलं. "छातीत सात चुली असतात. तुझी कडेची पेटली होती." लांबू हात फिरवत खूश होऊन बाजूला बसला. सात चुली! हृदयाला कप्पे चार असतात हे शाळेत शिकलेली पोरंही त्या खोलीत होती, तीही गप्प.

तेवढ्यात दारात धाप ऐकू आली. दादा! कामावरून थेट आलेला, सदऱ्यावर ओला चुना, एका हाताने दाराची चौकट धरलेली, दुसरा छातीवर. मागे वहिनी.

"दादा, तू खाली थांबणार होतास ना?"

"थांबलं तर... आग दडते," दादा कसाबसा म्हणाला.

"बोलू नकोस!" महाराज म्हणाले. "पाटावर बस. भिंतीला टेक. डोळे मीट. हलायचं नाही, बोलायचं नाही, सावकाश श्वास घ्यायचा."

आणि डॉक्टरिणीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. अहो, हेच तर तिने सांगितलं असतं! श्रमाने हृदयाला रक्त कमी पडलं की छाती आवळते. माणूस गप्प बसला की हृदयाचं काम हलकं होतं आणि दुखणं आपोआप ओसरतं. या माणसाने दुखणं जिन्याने वर आणलं, पाटाने खाली उतरवलं आणि मधल्यामध्ये हात फिरवून नाव स्वतःचं केलं. दुखणाऱ्याला तो आधी दुखवत होता आणि मग बरा करत होता. तिच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

महाराजांनी टोपलीतून कापडाची घट्ट पुरचुंडी उचलली. "हात लावून बघा. गार आहे ना?" पहिल्या रांगेने हात लावला. गार होती. दादाच्या छातीवर जाड घडी, घडीवर पुरचुंडी. महाराजांनी गडव्यातलं पाणी शिंपडलं आणि ओठांतल्या ओठांत पुटपुटायला लागले. थोड्या वेळाने पुरचुंडीतून वाफ निघाली.

"बघा! आग बाहेर पडतेय! हात लावा आता!"

एकाने हात लावला आणि चटकन मागे घेतला. "बाप रे! पोळतंय!" खोलीभर कुजबुज झाली. वहिनीने डोळे मिटून हात जोडले.

डॉक्टरीण मात्र वाफेकडे बघत नव्हती. दादाच्या कपाळावर घामाचे थेंब आले होते, आणि ते उकाड्याचे नव्हते. चेहरा राखेसारखा. तो डावा हात चोळत होता, मग जबडा.

"दादा, थांबतंय का?"

त्याने मान हलवली. नाही. "मळमळतंय," तो म्हणाला.

"आग खोल आहे," महाराज म्हणाले. "दुसरी पुरचुंडी लागेल. धीर धरा."

"धीर कसला धरताय! बाजूला व्हा!" डॉक्टरीण पुढे घुसली. "बसून इतका वेळ झाला, दुखणं उतरत नाही, घाम फुटलाय, हाताला आणि जबड्याला कळ जातेय. हा हार्ट अटॅक आहे. लांबू, फोन लाव, रुग्णवाहिका बोलव. दादा, ही ॲस्पिरिनची गोळी चावून खा. गिळू नकोस, चाव."

"वन्सं, नका हो!" वहिनीने तिचा दंड धरला. "मध्येच उठवलं तर आग आत शिरते. आता थोडक्यासाठी..."

दारातली माणसंही हलेनात. कोणी म्हणालं, "महाराजांना पुरं करू द्या." कोणी म्हणालं, "बाईला शिकल्याचा माज." लांबू फोन हातात धरून एकदा तिच्याकडे, एकदा महाराजांकडे बघत होता. डॉक्टरिणीला रडू कोसळायचं बाकी होतं. इथे एकेक क्षणाला हृदयाचा तुकडा मरतोय आणि ही माणसं वाफ बघत बसली आहेत!

तिने टोपलीतली दुसरी पुरचुंडी उचलली. गार. ती मोकळ्या स्टुलावर आपटली आणि गडव्यातलं पाणी तिच्यावर ओतलं.

"काय करताय बाई!" महाराज पहिल्यांदाच मंत्राशिवाय बोलले.

पुरचुंडी आधी सुरसुरली. मग फुगली. मग तिच्यातून वाफेचा लोट निघाला, दादाच्या छातीवर निघाला होता त्याहून मोठा.

"या स्टुलाच्या छातीत दुखतंय का हो?" डॉक्टरीण ओरडली. "स्टुलाची कितवी चूल पेटली? बोला ना!"

तिने गाठ सोडली. आत पांढरी ढेकळं फुटून पीठ होत होती.

सगळे वाकून बघू लागले. मग लांबूच्या तोंडून निघालं, "अरे... हा तर कळीचा चुना."

कळीचा चुना! पाणी लागलं की उकळणारा. या खोलीतल्या निम्म्या माणसांनी जन्मभर तो पिंपात भिजवला, हात पोळून घेतले, त्याची वाफ नाकात भरून घेतली. त्या ओल्या चुन्याचा वास खोलीत मघापासून होता, पण तो तर प्रत्येकाच्या सदऱ्याला कायमचाच. जी गोष्ट पिंपात रोज बघायची, तीच महाराजांच्या हातात बघितली की तिचा चमत्कार व्हायचा. डॉक्टरिणीला महाराजांपेक्षा याचाच जास्त संताप आला.

"फोन लाव, लांबू!"

आता लांबूने लावला, आणि दादाने गोळी चावली. दादाला एक पाऊलही चालू द्यायचं नाही, असं तिने दरडावलं. खुर्चीत बसवून, पुढे दोघे, मागे दोघे, असा त्याला त्या नतद्रष्ट जिन्यावरून खाली आणला. महाराज त्या गडबडीत मागच्या दाराने पसार झाले. आग काढणाऱ्याला पाय मात्र चांगले होते.

हॉस्पिटलात दादाची बंद झालेली रक्तवाहिनी उघडली. जीव वाचला. पण हृदयाचा एक भाग कायमचा दुबळा झाला, आणि तिथल्या डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, शिडी आता नाही. पहिल्या वेळीच आला असतात तर शिडीही राहिली असती.

वहिनी दारात उभी राहून ऐकत होती. "मीच धरून ठेवलं हो त्यांना तिथे," एवढंच म्हणाली आणि पदर तोंडाला लावला. डॉक्टरिणीला तिला चार शब्द सुनावायचे होते. त्याऐवजी तिने तिला बाकावर बसवलं.

बरं, एवढं झाल्यावर गल्ली शहाणी झाली असेल? छे! "चुना होता, मान्य. पण गुण यायचा हो," हे डॉक्टरिणीने इतक्यांच्या तोंडून ऐकलं की तिने भांडणंही सोडून दिलं. शिंपीणबाई तेवढ्या पित्ताचं औषध न्यायला आल्या, तेही तोंड लपवून.

दादा आता दिवसभर दवाखान्याच्या ओट्यावर खुर्ची टाकून बसायचा. एक दिवस त्याने गोदामावरची ती पाटी काढून आणवली, मांडीवर घेतली आणि घासून कोरी केली. तो तिच्यावर नवी अक्षरं काढत होता तेव्हा लांबू चढावरून शिडी ओढत आला. ओट्यापाशी थबकला, शिडी टाकली, छातीवर हात ठेवला.

"काय रे? बरगडी?"

"नाही. हे वेगळंय. मध्ये, आवळल्यासारखं. परवाही झालं होतं." तो दादाच्या शेजारी मटकन बसला. "महाराज हवे होते बघ."

दादा कुंचला खाली ठेवून नुसता त्याच्याकडे बघत राहिला. थोड्या वेळाने लांबूने मोठा श्वास घेतला. "हं. गेलं."

"कोणी घालवलं?"

"म्हणजे?"

"मी पुटपुटलो काही? पाणी शिंपडलं? पुरचुंडी ठेवली?"

"नाही..."

"चढ चढलास म्हणून दुखलं. बसलास म्हणून थांबलं. थांबलं म्हणजे बरं झालं नाही, लांबू. आत काहीतरी तुंबतंय, ते सांगून गेलं. मला तीनदा सांगून गेलं होतं."

डॉक्टरीण आवाज ऐकून दारात आली होती. तिने पाटीवर नजर टाकली. तीच वळणदार, झोकदार अक्षरं: 'छातीत दुखलं तर थांबा. बसा. बसल्यावर थांबलं तरी डॉक्टरला दाखवा. बसूनही थांबलं नाही, घाम सुटला, धाप लागली, हाता-जबड्यात कळ गेली, तर रुग्णवाहिका बोलवा. दुसरं काही करत बसू नका.'

"पित्तानेही दुखतं, स्नायूनेही दुखतं," ती लांबूला म्हणाली. "पण ते ठरवायचं काम ना तुझं, ना कुठल्या महाराजाचं. तपासल्यावर कळतं. कागद काढते, आणि तो चांगला आला तरी तू हॉस्पिटलात जायचंस. आजच. ऐकलंस का? पूर्ण ऐकलंस का?"

लांबूने मान डोलावली, पण त्याचं मन अजून तिथेच अडकलं होतं. "मग इतके दिवस तो वर बसून करत काय होता रे?"

"वाट बघत होता," दादा म्हणाला. "आपोआप थांबायची. आणि माझं थांबलं नाही, तेव्हाही तो वाटच बघत होता."

लांबू उठायला लागला. दादाने त्याच्या खांद्याला धरलं. "चल आत. शिडी राहू दे इथेच. हळू चाल."