बुंगाराम आणि मामंजी

रत्नमालेला एक छंद होता आणि तो चारचौघांत सांगायची तिच्या नवऱ्याला, सर्जेरावला, लाज वाटायची. वाळूजच्या कंपनीत पॅकिंगला जाणारी बेचाळीस वर्षांची ही बाई बजाजनगरच्या घरी आली की बुंगाराम काढत बसायची. बुंगाराम म्हणजे टीव्हीवरच्या कार्टूनमधला बोकड. दोन पायांवर चालणारा, पट्ट्यापट्ट्यांची चड्डी घालणारा, एक नंबरचा थापाड्या. लेक लहान असताना मायलेकी मिळून तो बघायच्या. लेक कॉलेजात गेली, तिचं कार्टून सुटलं. रत्नमालेचं काही सुटलं नाही.

मोबाईलवर चित्र थांबवायचं, आधी हनुवटी काढायची, मग दाढी, मग एक डोळा मोठा आणि दुसरा अर्धा मिटलेला. जुन्या कॅलेंडरांच्या पाठी बुंगारामानं भरून गेल्या होत्या. दुसरं काही तिला येत नव्हतं. एकदा मोर काढायला गेली, तर तोही थापाड्या दिसायला लागला.

आणि नेमकं हिलाच सासूनं सासऱ्याचं चित्र काढायला सांगितलं.

पारूबाई पिशोरहून एसटीनं आल्या त्या हेच डोक्यात घेऊन. मल्हाररावांना जाऊन वर्ष होत आलं होतं आणि वर्षश्राद्धाला मांडायला धड फोटो नव्हता. जन्मभर शेळ्यांमागं हिंडलेला माणूस. कॅमेरा दिसला की पाठ फिरवायचा. आधार कार्डावर तेवढा एक होता, तोही डोळे मिटलेला.

“त्यो नको,” पारूबाई म्हणाल्या. “जिते होते तवा बी झोपूनच राह्यले. हार घातल्यावर तरी जागं दिसू द्या.”

“आत्याबाई, मला मानसं नाय काढता येत.”

“बोकडाला चड्डी घालती अन् मानूस जड जातो व्हय?”

तीन दिवस रत्नमालेनं मान मोडून काम केलं. पटका जमला, मिशा जमल्या. पण हात हनुवटीपाशी आला की आपोआप वळायचा, आणि कागदावरून पटका बांधलेला बुंगाराम तिच्याकडं बघायचा. खोडून खोडून कागदाला भोक पडलं. शेवटी सांगितलंय म्हणून तिनं त्यातलाच एक सासूपुढं धरला.

सर्जेरावचा चेहरा पडला. “आई, हे आप्पा नाहीत. बोकड हाय.”

पारूबाईंनी कागद लांब धरला, जवळ धरला. “कान जरा बारीक कर,” त्या म्हणाल्या. “बाकी ब्येस.”

पिशोरला तो फ्रेममध्ये बसून, हार घालून, समया लावलेल्या पाटावर विराजमान झाला. पाहुणे एकेक येऊन वाकले. रत्नमाला स्वयंपाकाच्या चुलीपाशी उभी राहून घाम पुसत होती. आता कोण हसतंय, एवढीच वाट. मल्हाररावांची बहीण सत्यभामा चित्रापुढं बसली आणि हमसून रडायला लागली.

“दादा असाच बघायचा,” ती म्हणाली. “दुसऱ्याच्या मक्यात शेळ्या घालायच्या आधी.”

मग मंडळींत कुणीतरी सांगितलं की मल्हाररावांनी आपल्याला एकच बोकड दोनदा विकला होता. दुसऱ्यानं आपली गोष्ट काढली. पत्रावळी मांडायच्या राहिल्या आणि लोक पोट धरून हसत बसले.

दुपारी रत्नमालेनं सासूला गाठलं. “आत्याबाई, खरं सांगते, त्यो बुंगारामच हाय.”

“मला काय दिसत नाय व्हय?” पारूबाईंनी पान लावता लावता विचारलं. “चाळीस वर्सं शेरडं राखली म्या.”

“मग?”

“सासरे बी म्याच राखले की तुझे.”

त्यांनी पान तोंडात टाकलं आणि दाराकडं बोट केलं. तिथं सत्यभामा जुनं कॅलेंडर काखेत मारून आपल्या नवऱ्याला दंडाला धरून आणत होती. नवरा चांगला जिता होता, आणि आपली हनुवटी हातानं झाकून घेत होता.