शिंपल्यांचा उतार

मनकर्णा कमरेइतक्या पाण्यात उभी राहून पायाच्या अंगठ्यानं तळ चाचपत होती. काठावरून तिचा दीर सटवाजी हाका मारत होता.

"वहिनी, बाहेर या. कोनी पाह्यलं तर वाट दाखवा म्हनून तुमच्या मागं लागतील."

तिनं मागं पाहिलं नाही. सकाळपासून तिला एका जागी बसवत नव्हतं.

१९४८ चा श्रावण होता. पैनगंगेच्या अलीकडे निजामाचा मुलूख, पलीकडे वऱ्हाड. अलीकडची गावं रझाकारांच्या धास्तीनं रिकामी होत होती. घाटावरचा डोंगा चौकीवाल्यांनी ओढून नेला होता, आणि नदी पायी ओलांडायच्या नेहमीच्या उतारावर पुरानं गाळ आणून टाकला होता. आदल्या दिवशी तिथं बंजारा तांड्याचा नायक रतनसिंग याचा एक बैल छातीपर्यंत रुतला आणि सोडवता सोडवताच मेला. तेव्हापासून रतनसिंग तांड्यावरची माणसं घेऊन काठावरच्या बाभळींखाली अडकून पडला होता. त्याची सून रुख्मिणीबाई दिवस भरलेली होती.

मनकर्णा भोयाची. नवरा गेल्यापासून ती शिंपल्यांवर जगत होती. मांस घरी शिजवायचं, कवचं भट्टीत भाजून चुना करायचा आणि तो गावोगाव विकायचा. काठच्या गाळात तांबडे बारीक किडे वळवळतात, मधल्या वाळूत काहीच टिकत नाही कारण ती वाळू सारखी सरकते, खडकाच्या कपारीला गोगलगाई चिकटतात, हे तिच्या पायांना ठाऊक होतं. वळणाखाली मात्र बारीक गोटे आणि वाळू एकमेकांत घट्ट बसली होती. तिथं हाताएवढे शिंपले निम्मे रुतून उभे असत. ती जागा सटवाजीशिवाय कुणाला माहीत नव्हती.

ती पार पलीकडच्या काठापर्यंत गेली आणि परत आली.

"हायेत?" सटवाजीनं विचारलं.

"हायेत. पुरानं काई केलं न्हाई. त्या काठापस्तोर पट्टा सलग हाय."

"मंग गप ऱ्हावा. गाड्या-ढोरं गेली का एक शिंपलं ऱ्हानार न्हाई. तुमी खासाल काय?"

मनकर्णानं लुगडं पिळलं. ती बसली, उठली, बाभळींच्या दिशेनं थोडं चालून गेली, परत फिरली. तिकडून रुख्मिणीबाईचं कण्हणं ऐकू येत होतं. मग मात्र ती थांबली नाही.

रतनसिंगनं तिचं म्हणणं ऐकून घेतलं, पण तो उठेना. "बाई, माझा बैल गिळला नदीनं. पाऊल टाकाया भेव वाटून ऱ्हायलं. तिथं रुतनार न्हाई, हे कशावरून?"

तिनं त्याला पाण्यात नेलं. "पायाखाली काय लागून ऱ्हायलं?"

"खापरीवानी धारदार हाय काईतरी."

"जितं शिंपलं हाय ते. तळ हालता असता तर ते इथं ऱ्हायलंच नसतं. हे लागतंय तंवर चाला. मऊ लागलं का थांबा."

रुख्मिणीबाईला बाजेवर घालून चौघांनी खांद्यावर घेतलं. मनकर्णा पुढं. मध्यावर पाणी छातीला लागलं आणि तिच्या पायाखाली एकदम पोकळ, मऊ वाळू आली. तिनं हात वर केला. बाज तशीच हवेत थांबली. ती डाव्या अंगाला सरकली, पुन्हा सरकली. रुख्मिणीबाईनं डोळे घट्ट मिटले होते. अखेर बोटांना धार लागली, तशी मनकर्णा म्हणाली, "इकडून या."

त्या संध्याकाळी पलीकडच्या एका शेतात रुख्मिणीबाईला मुलगी झाली.

बातमी लपली नाही. साखरा गावाकडचे लोक आले, त्यांच्यामागून आणखी गावं आली. दरवेळी मनकर्णा पाण्यात उतरून पुढं चालायची. गाड्यांच्या चाकांखाली कवचं फुटायची, तो करकर आवाज पाण्यातूनही तिच्या तळव्यांना कळायचा. रात्री तिला झोप लागत नसे. तरी कुणी हाक मारली की ती जायची. सटवाजीनं काठावर येणं सोडलं.

पुढं निजामाचं राज्य गेलं. दसऱ्याच्या सुमाराला लोक परतू लागले, तेव्हा उतारावर पाणी गुडघ्याएवढंच उरलं होतं. गोटे उखडले होते आणि मोकळी झालेली वाळू सरकत होती. जिवंत शिंपला एकही नव्हता. मनकर्णा लोकांच्या रानात निंदणीला जाऊ लागली होती. चुन्याच्या भट्टीवर गवत उगवलं होतं.

एका सकाळी ती त्याच उतारात वाकून फुटकी कवचं ओच्यात वेचत होती. सटवाजी तिथून चालला होता, तो थबकला.

"येवढ्यानं भट्टी भरायची न्हाई, वहिनी. काहून येचून ऱ्हायल्या?"

"तांडा परत येऊन ऱ्हायला," ती मान वर न करता म्हणाली. "लेकरं अनवानी असतात. पाय कापतील."

सटवाजी निघून गेला.

पलीकडच्या काठावर गाड्या येऊन लागल्या होत्या. पुढच्या गाडीवरून रतनसिंगनं तिला ओळखलं. त्यानं हात आडवा करून मागच्यांना थांबवलं, आणि तिचं वेचून होईपर्यंत सगळी माणसं काठावर उभी राहिली.